रॉ फोटो आणि ॲन्सेल ॲडम्स: एका निगेटिव्हवर चाळीस वर्षं काम करणारा माणूस

फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड उघडला की 'रॉ' असा एक पर्याय दिसतो. बरेच जण तो एकदा चालू करतात, फोटो काढतात, बघतात आणि लगेच बंद करतात. कारण फोटो फिका, मळकट दिसतो आणि वर जागाही भरपूर खातो. तुम्हीही असंच केलं असेल तर बिघाड तुमच्या फोनमध्ये नाही. रॉ हा तयार फोटो नसतोच, ती निगेटिव्ह असते. आई-बाबांच्या काळात रोल स्टुडिओत 'धुवायला' टाकायचे, मग निगेटिव्हवरून प्रिंट निघायचे. जेपीईजीत हे काम फोन स्वतः उरकतो, रॉमध्ये ते तुमच्यावर सोडतो.

हे काम आयुष्यभर मनावर घेतलेला माणूस म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स. त्यांनी डिजिटल कॅमेरा कधी हातात धरला नाही. पण रॉ एडिटिंग शिकायचं तर त्यांच्यापेक्षा चांगला गुरू मला तरी माहीत नाही.

ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाला. ॲन्सेल चार वर्षांचा असताना, १९०६ च्या मोठ्या भूकंपानंतरच्या एका धक्क्यात तो बागेतल्या भिंतीवर आदळला आणि नाक मोडलं. ते कायमचं वाकडंच राहिलं. शाळेत त्याचं मन रमेना, शेवटी वडिलांनी घरीच शिकवायची सोय केली. बाराव्या वर्षी पियानोचं वेड लागलं, आणि पुढे पियानोवादक व्हायचं हे पक्कंच होतं. १९१६ मध्ये घरचे योसेमिटी खोऱ्यात सुट्टीला गेले, तिथे वडिलांनी कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा हातात दिला. तिथून दोन वेडं बरोबर चालली. १९३० च्या आसपास त्यांनी पियानो मागे ठेवून फोटोग्राफी निवडली.

पण पियानो सुटला नाही, तो डार्करूममध्ये आला. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं ते मानत. स्वरलिपी तीच, वादन दर वेळी वेगळं. रॉ फाइलचं याहून सोपं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही.

एप्रिल १९२७ मध्ये ते काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर चढून गेले. शेवटच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरने घेतली आणि लगेच लक्षात आलं की आकाश नेहमीसारखं राखाडीच येणार. डोळ्यांसमोर तर काळंभोर आकाश आणि त्यावर उभा कडा होता. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला आणि तसाच फोटो मिळाला. बटण दाबण्याआधी तयार प्रिंट मनात बघायची सवय तिथून लागली.

मग यायचा मोजमापाचा प्रश्न. १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये शिकवताना त्यांनी फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर 'झोन सिस्टिम' बसवली. ठार काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या, मधली पाचवी म्हणजे मध्यम राखाडी. दोन शेजारच्या पायऱ्यांत प्रकाशाचा फरक दुप्पट. दृश्यातली कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची हे आधी ठरवायचं, मग एक्स्पोजर. डार्कटेबल या फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये 'झोन सिस्टिम' नावाचं मॉड्यूलच होतं. आता तसं काम करायला 'टोन इक्वलायझर' आहे, त्यात उजेडाची प्रत्येक पायरी वेगळी वरखाली करता येते. एक फरक मात्र लक्षात ठेवा. फिल्मवर सावलीतला तपशील आधी वाचवायचे, डिजिटलमध्ये उलटं. पांढरं एकदा फुटलं की परत येत नाही, म्हणून आकाश सांभाळा आणि सावल्या नंतर उचला. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीत २५६. (फोनच्या रॉमध्ये अनेकदा १४ पेक्षा कमी बिट असतात, तरी जेपीईजीपेक्षा जास्तच.)

आता त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो. १ नोव्हेंबर १९४१, न्यू मेक्सिको. दिवसभर काही हाती लागलं नव्हतं आणि ते मुलाला आणि एका मित्राला घेऊन गाडीने परतत होते. रस्त्याकडेला हर्नांडेझ नावाचं छोटं गाव, वर चंद्र, आणि मावळतीचं ऊन कब्रस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर. गाडी थांबवून अवजड कॅमेरा लावला तर लाइट मीटर सापडेना! चंद्राच्या उजेडाचा आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून मनात हिशेब करून एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. खात्रीसाठी दुसरं घ्यावं म्हणून फिल्म होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

म्हणजे फाइल एकच, आणि तीही धड नाही. पुढचा भाग इतका फिका की प्रिंट काढणं म्हणजे डोकेदुखी. १९४८ मध्ये त्यांनी त्या एकुलत्या एक निगेटिव्हचा खालचा भाग रसायनात बुडवून गडद करून घेतला. चुकलं असतं तर सगळंच गेलं असतं, तिथे 'अनडू' नव्हतं. डार्कटेबलमध्ये मूळ रॉला हातच लागत नाही, तुमचे बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जातात.

या निगेटिव्हवरून त्यांनी पुढची जवळपास चाळीस वर्षं १,३०० हून जास्त प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या फिक्या रेघा दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळं. कागदावर प्रकाश पडताना कुठे हाताने सावली धरायची, कुठे जास्त वेळ द्यायचा, याची टिपणं ते ठेवत. गंमत म्हणजे फोटोचं वर्षच त्यांना नीट आठवत नसे. बिचाऱ्यांकडे एक्झिफ डेटा कुठला! अखेर खगोलशास्त्राच्या जाणकारांनी चंद्राच्या जागेवरून तारीख आणि वेळ काढली.

ती टिपणं म्हणजेच आजच्या 'स्टाइल'. डार्कटेबलमध्ये एक फोटो मनासारखा झाला की त्यातले बदल स्टाइल म्हणून सेव्ह करा आणि शंभर फोटोंवर एकदम लावा. स्टाइल बनवताना एक्स्पोजर आणि क्रॉप या दोन गोष्टींवरची टिक काढा, कारण त्या दर फोटोला वेगळ्या असतात. रंगाचा आणि कॉन्ट्रास्टचा भाग ठेवा. फोनवर स्नॅपसीडमध्ये हेच काम 'लुक्स' करतात. इंटरनेटवर तयार स्टाइल ढिगाने मिळतात, वापरा जरूर, पण शंभर फोटोंवर लावून तसंच सोडून देऊ नका. ॲडम्स स्वतःची टिपणं हातात असतानाही प्रत्येक प्रिंट नव्याने बघत.

सरावाला फोटो नसेल तर ॲडम्स यांचाच घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यात बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. १९४३ मध्ये ॲडम्स कॅलिफोर्नियातल्या मंझनार छावणीत गेले आणि तिथल्या लोकांचे चेहरे, शेती, शाळा टिपल्या. टेहळणीच्या मनोऱ्यांचे फोटो घ्यायला बंदी होती. पुढच्याच वर्षी, युद्ध चालू असताना, त्यांनी या फोटोंचं पुस्तक काढलं. डोंगरदऱ्यांच्या फोटोग्राफरने हे का करावं असं काहींना वाटलं, तर फोटोतले हसरे चेहरे बघून छावणीचं दुःख लपलं अशीही टीका झाली. ती टीका मला पूर्ण चुकीची वाटत नाही. पण १९६५ मध्ये त्यांनी हा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकला, तोही कॉपीराइटची अट न ठेवता.

२२ एप्रिल १९८४ रोजी, ८२ व्या वर्षी ते गेले. त्याआधी काही वर्षं त्यांनी लिहून ठेवलं होतं की पुढची मोठी झेप इलेक्ट्रॉनिक फोटोची असेल.

लायब्ररीच्या वेबसाइटवर मंझनारच्या निगेटिव्हचे स्कॅन आणि ॲडम्स यांनी स्वतः काढलेले प्रिंट असे दोन्ही आहेत, डाउनलोड फुकट. आधी फक्त निगेटिव्हचा स्कॅन उतरवा, मोठी टिफ फाइल घ्या, डार्कटेबलमध्ये आपल्या मनाने धुवा. ते झाल्यावर त्यांचा प्रिंट उघडा आणि शेजारी ठेवून बघा, त्यांनी काय कापलं, काय काळं केलं आणि कोणाच्या चेहऱ्यावर उजेड ठेवला.