पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा हुकूम असा होता : आपल्या मातीतल्या एखाद्या मोठ्या माणसावर लिही, पण तो शिक्षक असला पाहिजे, कारण यंदा सगळे गुरुजन व्यासपीठावर असणार. मला लगेच बाळशास्त्री जांभेकर आठवले. ६ जानेवारीला पत्रकार दिन येतो, भाषणे होतात, ‘दर्पण’कारांच्या फोटोला हार पडतो. पण हा माणूस मुळात मास्तर होता, हे आपण विसरूनच गेलो आहोत.

त्यांचा जन्म १८१२ मधला, आपल्या शेजारच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचा. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगणारे. संस्कृत आणि मराठीचे पहिले धडे घरातच झाले. पुढे हा हुशार पोरगा मुंबईला गेला. त्या काळी कोकणातून मुंबई म्हणजे गलबताची वाट, वाऱ्याच्या मर्जीवर. तिथे त्याला बापू छत्रे भेटले. सदाशिव काशिनाथ छत्रे हे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कारभारातले वजनदार गृहस्थ, मुलांसाठी ‘बाळमित्र’ लिहिणारे. त्यांनी कोकणातल्या या मुलावर लक्ष ठेवले, इंग्रजी शिकण्याची वाट करून दिली. १८३० मध्ये बाळशास्त्री त्याच सोसायटीचे डेप्युटी सेक्रेटरी झाले. वय वर्षे अठरा! आपण त्या वयात बारावीच्या गुणपत्रिकेला घाबरत होतो. आणि आज आपल्यातले जे साहेब झालेत, त्यांनी मनाशी विचारून पाहावे की अठरा वर्षांच्या पोराच्या हातात आपण काय देऊ. फार तर झेरॉक्स काढायला कागद.

‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर घेऊन. हे सर्वांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो. मध्यंतरी अक्कलकोटच्या युवराजांना शिकवण्याचे कामही त्यांनी केले. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात ते असिस्टंट प्रोफेसर झाले. त्या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय. समोरची मुले वयाने फार लहान नव्हती, काही वर्षांचेच अंतर. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत दादाभाई नौरोजी होते, भाऊ दाजी लाड होते. वर्गाबाहेर बाळशास्त्री पाठ्यपुस्तके लिहीत : ‘बालव्याकरण’, ‘इंग्लंड देशाची बखर’, शिवाय गणित नि भूगोलावर. मराठीत पुस्तकच नाही म्हणून मूल अडून राहते, हे त्यांना दिसत होते. मग ते लिहिणार कोण? स्वतःच. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद झाले, त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले. त्यात शास्त्र, भूगोल, इतिहास असे विषय असत.

पण मला त्यांची खरी ओळख पटते ती १८४३ च्या प्रकरणात. श्रीपत शेषाद्री नावाचा बारा-एक वर्षांचा ब्राह्मण मुलगा. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला, त्यामागोमाग हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. आता घोळ असा की, मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या पोराला जातीत घ्यायचे कसे? नाहीच घ्यायचे, असे जुने लोक म्हणू लागले. बाळशास्त्री त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असा त्यांचा आग्रह. शास्त्री मंडळींचा मोठा रोष त्यांनी ओढवून घेतला. स्वतः कर्मठ घरातले, नाव झालेले, गमावण्यासारखे पुष्कळ असलेले. गप्प बसले असते तर कोणी काही म्हटले नसते. मला वाटते, रोज मुलांत बसणाऱ्या माणसाला बारा वर्षांचे वय म्हणजे काय हे ठाऊक होते. धर्मशास्त्राचे पंडित मुंबईत भरपूर होते, त्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून पाहणारे थोडे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले : शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल क्लास, १८४५ साली. त्याच वर्षी त्यांनी संपादिलेली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून निघाली. शाळा तपासण्याची फिरतीही होतीच. मे १८४६ मध्ये मुंबईत ते आजारपणात गेले. वय अवघे चौतीस. आपल्यातले कित्येक जण त्या वयात नुकते कुठे पर्मनंट झाले होते.

दोन वर्षांनी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली एक सभा काढली, त्यात दादाभाई पुढे होते. १८४९ मध्ये त्या सभेने मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवणारे ही विशीतली मुलेच, पगार न घेता. पुढे दादाभाई त्याच कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले.

पोंभुर्ल्यात बाळशास्त्रींचे स्मारक आहे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी गाड्या रिकाम्याच उभ्या असणार. कोणी येणार असेल तर सांगा, सरांनाही पुढच्या सीटवर बसवून नेऊ.