कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे
गिरणी कामगारांचे आद्य कैवारी

ज्या घरातील एखादा आजा-पणजा मुंबईच्या गिरणीत राबला नाही, असे कुणबी घर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात विरळाच. भाताच्या एका पिकावर वर्षाचे भागत नसे. म्हणून दाभोळ, जयगड, रत्नागिरी या बंदरांतून तरुण मंडळी बोटीने मुंबई गाठीत आणि पोटाला चिमटा घेऊन घरी पैसे धाडीत. पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांत सर्वांत मोठा भरणा आपल्या जिल्ह्याचाच झाला. या मंडळींना आठवड्याची हक्काची सुटी ज्यांच्या खटपटीने मिळाली, ते नारायणराव लोखंडे जन्माने आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु त्यांचे ऋण आपल्या ज्ञातीवर मोठे आहे. म्हणून हा अल्प परिचय.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब माळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. आरंभी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करून पुढे ते मुंबईच्या एका कापड गिरणीत कोठारावर देखरेख करणारे कारकून म्हणून लागले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. १८८० साली ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली आणि कष्टकऱ्यांची गाऱ्हाणी छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

त्या काळची गिरणी म्हणजे काय होते, हे आजच्या पिढीस सांगावयास हवे. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. सूत तुटू नये म्हणून खात्यांतील हवा दमट ठेवीत; त्या कोंदट उष्म्यात कापसाची पूस नाकातोंडात जाई. आठवड्याची नेमलेली सुटी नव्हती. मालात दोष निघाला की दंड कापला जाई. पगार तर महिना उलटून कित्येक दिवस झाले तरी हाती पडत नसे. न सांगता काम सोडले तर तोही बुडे. तोवर वाण्याची उधारी आणि तिच्यावर व्याज! स्वतःच्याच कमाईसाठी कामगाराने कर्ज काढावे, असा हा उफराटा न्याय होता.

मालकांचे म्हणणे असे की, हा मजूर आळशी आहे, यंत्र सोडून वारंवार बाहेर जातो, मनास येईल तेव्हा गावी निघून जातो. या तक्रारीत तथ्य मुळीच नव्हते असे नाही. परंतु बारा-तेरा तास एकसारखे उभे राहून कोणाचा हात सारखा चालेल? ज्याला विश्रांती नेमून दिलेली नाही, तो ती चोरूनच घेणार. नारायणराव गिरणीतच वावरलेले असल्याने हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे त्यांनी कामगारांची सभा भरविली. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केलेल्या अर्जात मागण्या मोजक्याच होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि काम करताना जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. यांत भिक्षा कोणतीच नव्हती. चांगले काम होण्यास जे अवश्य, तेवढेच मागितले होते. मालकांनी दाद दिली नाही. नारायणराव मात्र सहा वर्षे चिकाटीने झगडत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व अर्ध्या तासाची विश्रांती यांवर सरकारी शिक्कामोर्तब केले. कामाच्या बेसुमार तासांमुळेच कामगार मधूनमधून यंत्र सोडून जातो, हे पुढे १९०८ च्या सरकारी आयोगानेही मान्य केले. नारायणराव वर्षानुवर्षे ज्यासाठी झगडले, त्यातले सत्य असे सरकारदरबारी पोहोचले.

१८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून त्यांनी परिश्रम घेतले. सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असता त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आज आपल्यापैकी कित्येकांची दुकाने आहेत, आंब्याच्या बागा आहेत; त्यांत नेपाळहून आलेले गडी राबतात. जसे आपले आजे एके काळी मुंबईस गेले, तसेच हे आपल्या दारी आले आहेत. एखाद्या गड्यास कामचोर म्हणण्यापूर्वी, त्याचा पगार ठरल्या दिवशी दिला काय, आणि दुपारी सावलीत घटकाभर बसू दिले काय, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. नारायणरावांचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.