पक्षिविद्येचे उपासक ॲलन ह्यूम

राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९–१९१२) यांचे नाव ज्ञातिबांधवांस शाळेपासून परिचित असेल. सभेचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस भरले. परंतु हेच गृहस्थ भारतीय पक्षिविद्येचे थोर उपासक होते, हे थोड्यांसच ठाऊक असते.

इटाव्याचे कलेक्टर असता त्यांनी तेथे विनामूल्य शाळा काढल्या. आम्हां शिक्षकांस आदर वाटण्यास एवढेही पुरे. सरकारी चाकरी सांभाळून त्यांनी देशभरच्या वनांतील व पाणथळींतील पक्षी, घरटी व अंडी जमविली. १८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. कोणता पक्षी कोठल्या रानात वा कोणत्या तळ्याकाठी घर करतो, याची टिपणे जिल्ह्याजिल्ह्यांतून त्यांजकडे येत.

सिमल्याच्या त्यांच्या निवासस्थानी पंचवीस वर्षांचे टिपणांचे भांडार साठले. त्यातून पक्ष्यांविषयी महाग्रंथ सिद्ध व्हावयाचा होता. १८८४–८५ च्या हिवाळ्यात, साहेब घरी नसता, नोकराने ते कागद बाजारात रद्दी म्हणून विकले. ग्रंथ राहिला तो राहिलाच. खचलेल्या मनानेही साहेबांनी आपला सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दान दिला. १८८५ मध्ये देवदारी पेट्या भरून तो लंडनला गेला.

अशा जपलेल्या नमुन्यांचे मोल पुढे कळले. रानपिंगळा या लहान घुबडाचा परिचय ह्यूमसाहेबांनीच १८७३ मध्ये शास्त्रास करून दिला होता. १८८४ नंतर तो खात्रीने कोणास आढळला नाही. तो नामशेष झाला, असे वाटू लागले. पुढे पामेला रासमुसेन या संशोधिकेने निरनिराळ्या संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांवरील चिठ्ठ्या पारखल्या, एक खोटी नोंद बाजूस सारली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह तो पक्षी आपल्या खानदेशात, शहाद्यानजीकच्या रानात, पुन्हा पाहिला. चिठ्ठी टिकली, म्हणून पक्ष्याचे रान सापडले.

येथे आम्हांस स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे. आजोबांच्या वह्या आम्हीच एकदा रद्दीत घातल्या. गावच्या तळ्यावर कोणते पक्षी केव्हा उतरत, हे त्यांत लिहिलेले असे. आज ते तळे बुजले आहे आणि वह्याही नाहीत. ह्यूमसाहेबांचे कागद दुसऱ्याने विकले. आमचे आम्हीच विकले. घरोघरच्या वडीलधाऱ्यांची टिपणे रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकवार उघडून वाचावीत आणि जपण्याजोगी असतील ती ग्रंथालयास द्यावीत, एवढीच आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे.