पाण्याचा हिशेब मांडणारा अभियंता

नाशिक : भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा, मात्र त्यांच्या अभियांत्रिकी कारकिर्दीचा श्रीगणेशा नाशिकमध्ये झाला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली पदवी परीक्षेत अव्वल ठरल्यावर, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे साहाय्यक अभियंता म्हणून ते येथे रुजू झाले. लगेचच खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे नळांद्वारे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळी पुरांनी अडथळे आणले, तरी तरुण विश्वेश्वरय्यांनी ते तडीस नेले.

पाऊस बेभरवशाचा असतो, म्हणून साठा आणि वाटप काटेकोर हवे, ही जाणीव त्यांच्या पुढील कामांत दिसते. दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. पाणी मोजक्या बागायतदारांपुरते न राहता पिकांच्या फेरपालटीने अधिक गावांना मिळावे, हा तिचा हेतू. बागायतदारांचा प्रारंभीचा विरोध त्यांनी चर्चेने कमी केला. १९०३ मध्ये खडकवासला धरणाच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे ८ फुटांनी उंचावली. पूर आला की दरवाजे आपोआप उघडत व ओसरला की मिटत. सरकारी सेवेत असताना केलेल्या या शोधाचे मानधन त्यांनी नाकारले.

१९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. विश्वेश्वरय्यांनी खोऱ्यातील पर्जन्यनोंदी अभ्यासून शहराच्या वरच्या अंगाला पूर अडविणारे जलाशय सुचविले. त्यातून पुढे उस्मानसागर व हिमायतसागर उभे राहिले. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न लाभले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही कोसळले. शंभरी गाठलेल्या विश्वेश्वरय्यांच्या हयातीतच हा आघात झाला. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

धरणाचा सांडवा किती रुंद ठेवावा, हे मागील पर्जन्यनोंदींवरून ठरते. बदलत्या हवामानात थोड्या वेळात कोसळणाऱ्या सरी वाढत असताना त्या नोंदींवर विसंबणे पुरेसे नाही. २००८ मध्ये गोदावरीच्या पुराने नाशिकलाही याची चुणूक दाखविली. १९५९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था याच शहरात आहे. पाऊस मोजत राहा, हिशेब पुन्हा पुन्हा तपासा, हाच विश्वेश्वरय्यांच्या कार्याचा वारसा आहे. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो.