कानाच्या उपचारासाठी मिरजेला गेलेला मुलगा बालगंधर्व कसा झाला?

बालगंधर्व म्हटलं की भरजरी शालू, नथ आणि ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी आठवते. पण या गायकाला लहानपणी कमी ऐकू यायचं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. शिक्षणासाठी त्यांना जळगावला नातेवाइकांकडे ठेवलं होतं. तिथे शाळेपेक्षा मोठी गोष्ट घडली ती गाण्याची. मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली. पुढे दहाएक वर्षांच्या या पोराचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी कौतुकानं त्याला बालगंधर्व म्हटलं, आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

कानाचं दुखणं मात्र सुटलं नव्हतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हा आवाज आवडला आणि त्यांनी नारायणला उपचारासाठी मिरजेला पाठवलं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं १८९४ पासूनचं मिशन हॉस्पिटल याच गावात. दूरदूरचे रुग्ण तिथे यायचे.

त्या काळात कानाचं दुखणं साधं नव्हतं. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. कान वर्षानुवर्षं फुटत, वाहत राहिला की ही हाडं झिजतात. बहुतेकदा आधी ऐरणीचं टोक जातं, कारण तिथे रक्तपुरवठा कमी असतो. साखळी तुटली की आवाज आत पोहोचत नाही. घरोघरी कानात कोमट तेल घालायचे, पडद्याला भोक असेल तर त्यानं उलट नुकसानच व्हायचं. पेनिसिलीनचा शोध लागायलाच १९२८ उजाडलं. हाडांची साखळी पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया रुळल्या त्या १९५० च्या दशकात.

अशा बहिरेपणात एक विचित्र गोष्ट होते. बाहेरचं कमी ऐकू येतं, पण स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात पोहोचतो आणि उलट मोठा वाटतो. म्हणजे ऐकू कमी येणाऱ्यानं गाणं सोडलंच पाहिजे असं नाही.

मिरजेत तेव्हा किर्लोस्कर नाटक मंडळी होती. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेल्यापासून त्यांची जागा भरून काढेल असा स्त्रीभूमिकेचा गायक नट मंडळीला हवा होता. १९०५ मध्ये नारायण मिरजेतच शकुंतला म्हणून रंगमंचावर उभे राहिले.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. भास्करबुवा बखले यांची तालीम, १९११ चं ‘मानापमान’, १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी, नंतरची कर्जं. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, तोवर पाय निकामी झाले होते. १५ जुलै १९६७ ला ते गेले. जळगावात आजही त्यांच्या नावानं बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो.