कमळ नावाचा खटारा

सिव्हिलवाल्याने गाडीबद्दल बोलू नये, असा आमच्या होस्टेलचा अलिखित नियम आहे. मेकॅनिकलची पोरं बाहाच्या गाडीसाठी रात्र रात्र वर्कशॉपमध्ये जागतात आणि आम्ही नुसतं डोकावलो तरी विटा मोजायला जा म्हणून पिटाळतात. म्हणून यंदाच्या अंकात मी मुद्दाम एका सिव्हिलवाल्याबद्दल लिहितोय. कॉलिन चॅपमन. लोटस या स्पोर्ट्स कार कंपनीचा जनक. त्याच्या हयातीत त्याच्या टीमने फॉर्म्युला वनचं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद सात वेळा पटकावलं. आणि हा गडी शिकला होता स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग, तेही शेवटच्या वर्षाला गणितात गटांगळी खाऊन.

त्याचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचं मद्यालय चालवायचे. पोरगा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला आणि शिकता शिकताच एका मित्राबरोबर जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडला. युद्ध नुकतंच संपलेलं, नवी गाडी सहजी मिळत नव्हती, त्यामुळे जुन्या डब्यालाही भाव होता. पण १९४७ मध्ये सरकारने खासगी गाड्यांना मिळणारा पेट्रोलचा मूळ कोटाच रद्द केला. पेट्रोल नाही तर गाडी घेणार कोण? धंदा बसला. हाताशी असलेल्या गाड्या पडत्या भावात काढाव्या लागल्या आणि एक म्हातारी ऑस्टिन सेव्हन मात्र गिऱ्हाईकच न मिळाल्यामुळे मागे उरली.

ऑस्टिन सेव्हन म्हणजे ७४७ सीसीची, चार सिलिंडरची छोटी गाडी. आपल्याकडे मारुती ८०० ला जे स्थान, ते तिकडे हिला. चॅपमनने ती आपली मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या गॅरेजमध्ये नेली आणि वरची बॉडी उतरवून टाकली. तोपर्यंत हौशी लोक बॉडी बदलायचे ती दिसण्यासाठी. याने अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेलं प्लायवूड आणलं आणि विमानाच्या सांगाड्यासारखी अशी पेटी बांधली की वरचं आवरणच भार घेईल. मूळ चासी लवचीक, नवी बॉडी ताठ. म्हणजे वजन फारसं न वाढवता गाडीला कणा मिळाला. आपण थिअरी ऑफ स्ट्रक्चर्समध्ये जे पाठ करून ओकतो, ते या मुलाने लाकडात करून दाखवलं. १९४८ ची ही गाडी, नाव लोटस. इंग्रजांच्या चिखलातल्या शर्यतीला कमळाचं नाव का दिलं, हे त्याने कधी उघड केलं नाही.

इकडे गणिताचा पेपर राहिलेलाच होता. १९४९ मध्ये तो पुन्हा देऊन त्याने एक वर्ष उशिरा पदवी घेतली. (आपल्या भाषेत केटी सुटली.) मधे थोडे दिवस हवाई दलात काढले, मग ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत नोकरी धरली. इमारतींच्या बांधकामात अॅल्युमिनियम वापरा, हे लोकांना पटवायचं काम. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी गॅरेज, असं पुढे कितीतरी वर्षं चाललं.

माझ्या मते खरा चॅपमन बघायचा तो १९५१ चा. ७५० मोटर क्लब नावाचा एक हौशी मंडळींचा क्लब होता. त्यांच्या शर्यतींचा हेतूच स्वस्तात गंमत करणं, म्हणून गाडी ऑस्टिन सेव्हनच्याच भागांवर बांधायची अट. सगळ्यांकडे तेच इंजिन, तेवढीच ताकद. या इंजिनात एक जुनी खोड होती. सिलिंडर चार, पण मिश्रण आत जायला पोर्ट फक्त दोन, म्हणजे दोन शेजाऱ्यांत एक नळ. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळे एकाच पोर्टवरचे दोन सिलिंडर लागोपाठ मिश्रण ओढायचे आणि एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवायचा. चॅपमनने मॅनिफोल्डमध्ये मधोमध एक आडभिंत घातली आणि ती थेट पोर्टच्या आतपर्यंत नेली. झालं, दोनाचे चार रस्ते. खर्च म्हणाल तर पत्र्याचा तुकडा आणि वेल्डिंग. त्या मोसमात त्याच्या मार्क तीन गाडीपुढे बाकीचे पार मागे पडले, आणि क्लबने नियम बदलून ही युक्तीच बंद करून टाकली. इंजिनिअरला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं मिळणार?

लोक येऊन आम्हालाही अशी गाडी करून द्या म्हणायला लागले. मग हेझलकडून २५ पौंड उसने घेऊन १९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग सुरू झालं, जागा वडिलांच्या रेल्वे हॉटेलमागचा जुना तबेला. इथे मार्क सहा तयार झाली आणि इथे आमची ब्रँच उघडपणे दिसते. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणात जोडून केलेला सांगाडा, म्हणजे पुलाचा ट्रसच चाकांवर. नुसत्या सांगाड्याचं वजन साधारण २५ किलो, दोघांनी सहज उचलावं इतकं. इंजिन, गिअरबॉक्स वगैरे गिऱ्हाईकाने जुन्या फोर्डचं आणायचं. पुढचा अखंड अॅक्सल मधोमध कापून दोन्ही तुकडे बिजागरीसारखे बसवायचे, की दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र. ही कल्पना आधी लेस्ली बॅलमी याने प्रचारात आणलेली. चाक वरखाली होताना तिरकं होतं हा तिचा दोष, पण त्या किमतीत दुसरं काय मिळणार! शिवाय तयार गाडीवर सरकारचा खरेदी कर भरावा लागे, सुट्या भागांवर तो नव्हता. त्यामुळे गाडी घरी बांधणाऱ्याचे दुहेरी पैसे वाचायचे. अशा शंभरेक गाड्या गेल्या. १९५४ मध्ये कॉलिन आणि हेझलचं लग्न झालं, १९५५ च्या सुरुवातीला नोकरी सुटली.

फॉर्म्युला वनचा इतिहास कुठेही वाचायला मिळेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६२ ची लोटस २५ ही मोनोकॉक, म्हणजे आवरणानेच भार घेणारी. प्लायवूडच्या पेटीचीच थोरली बहीण. तिच्यावर जिम क्लार्क १९६३ मध्ये जगज्जेता झाला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिनच चासीचा भाग झालं, मागचा सांगाडा गायब. १९७८ मध्ये गाडीच्या तळाखालच्या हवेने तिला जमिनीला चिकटवलं आणि मारिओ आंद्रेत्ती जिंकला.

पण नको तिथून वजन काढणं आणि हवं तिथूनही काढणं, यातली रेघ फार बारीक असते. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा इथे सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाक निखळलं आणि त्याचे पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचा स्टिअरिंग कॉलम तुटला. तो पुन्हा ग्रांप्री शर्यतीत उतरला नाही. त्याने लोटसवर खटला भरला आणि जिंकला. १९७० मध्ये मोंझाला योखेन रिंट गेला. लोटस ७२ चे पुढचे ब्रेक चाकात न ठेवता आत, चासीजवळ ठेवले होते, म्हणजे चाकाचं वजन कमी. ब्रेक आणि चाक जोडणारा शाफ्ट तुटला, असा चौकशीचा निष्कर्ष. कडेचा कठडाही नीट बसवलेला नव्हता, हेही खरं. रिंट मेल्यावर त्या वर्षीचा जगज्जेता ठरला. मला चॅपमन आवडतो, तरी या भागात मी त्याची वकिली करणार नाही. फॅक्टर ऑफ सेफ्टी हा आमच्या पेपरात दोन मार्कांचा प्रश्न असतो. त्याच्या गाड्यांत तो माणसाच्या हाडांवर मोजला गेला.

शेवटही स्वच्छ नाही. डिलोरियन गाडीच्या विकासाचं काम लोटसकडे आलं आणि त्यातले लाखो डॉलर परदेशी कंपनीमार्फत भलतीकडे वळले. चॅपमन १६ डिसेंबर १९८२ रोजी, ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. त्याचा आर्थिक बाजू सांभाळणारा सहकारी १९९२ मध्ये तुरुंगात गेला, आणि चॅपमन असता तर त्यालाही मोठी शिक्षा झाली असती, असं न्यायाधीशांनी बोलून दाखवलं.

आणि ती पहिली ऑस्टिन? १९५० मध्ये त्याने ती जाहिरात देऊन विकली, ती उत्तर इंग्लंडकडे गेली आणि पुढे तिचा माग लागेना. सत्तरी साजरी करताना, २०१८ साली, लोटस कंपनीने जुनी गॅरेजं आणि गोठे उघडून बघा, असं जगभरच्या लोकांना आवाहन केलं. खूण सोपी आहे. बॉडीचा पत्रा खरवडला की खाली प्लायवूड लागेल.