डॉ. के. आर. रामनाथन : ओझोनचे उपासक

तापीपलीकडे मावळणारा सूर्य धुरकट, तांबूस दिसतो याचे सुरतकरांस नवल वाटत नाही. सुरतेच्या उत्तरेस, अहमदाबादेत, मावळतीच्या याच घटकेचे वेध घेण्यात एका शास्त्रज्ञाने उत्तरायुष्य वेचले. हवेतील धूळ हीच त्यातील मोठी अडचण होती.

कल्पात्ती रामकृष्ण रामनाथन यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९३ रोजी पालक्काडजवळील कल्पात्ती येथे झाला. कलकत्त्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करताना, १९२३ मध्ये, द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात त्यांना एक क्षीण, अनपेक्षित तेज आढळले. ती मंद प्रतिदीप्ती समजली गेली. पाच वर्षांनी त्याचाच उलगडा ‘रामन परिणाम’ म्हणून जगापुढे आला, तेव्हा रामनाथन हवामान खात्यात होते! तेथेही त्यांचे लक्ष उंचावरच खिळले होते.

१९४८ मध्ये, निवृत्तीच्या वयात, विक्रम साराभाईंनी स्थापिलेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक झाले. ओझोन म्हणजे तीन अणूंचा प्राणवायू. माथ्यावरचा सारा ओझोन भूपृष्ठावरील दाबाखाली आणला, तर थर जेमतेम तीन मिलिमीटरांचा होईल. डॉब्सन यांचे वर्णपटयंत्र दोन अतिनील लहरींच्या तेजाची तुलना करून तो जमिनीवरूनच मोजते. पण तो कोणत्या उंचीवर किती, हे कसे कळावे? सूर्य कलताना माथ्यावरील आकाशात या तेजांचे गुणोत्तर घटत जाते आणि सूर्य क्षितिजाशी येताच उलट फिरते. कारण अधिक शोषली जाणारी लहर तेव्हा मुख्यतः ओझोनच्या थरावरूनच विखुरून सरळ खाली उतरते. ग्योट्झ यांना गवसलेल्या या उलटफेरीवरून उंचीनिहाय ओझोन काढण्याची रीत रामनाथन व दवे यांनी बसविली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या कामासाठी ती प्रसिद्ध झाली. धुळीने मापनात शिरणाऱ्या चुकीचा विचार त्यांनी करंदीकरांसमवेत १९४९ मध्येच मांडला होता. सामान्य निरीक्षक ज्या वाचनांना खराब म्हणून टाकून देईल, त्यांचा हिशेब मांडण्याची ही चिकाटी विरळाच.

आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ३१ डिसेंबर १९८४ रोजी ते निवर्तले. १९८५ च्या मे महिन्यात, अंटार्क्टिकावरील ब्रिटिश तळावर डॉब्सन यंत्रांनीच घेतलेल्या मापनांवरून, तेथील वसंतातील ओझोन झपाट्याने घटल्याचे जाहीर झाले.